ओट्याखालची मगर

माझं पहिलं जाहीर व्याख्यान ऐकायला आई पहिल्या रांगेत बसली होती, आणि अर्ध्यावर तिला झोप लागली. बडोद्यातल्या एका मराठी मंडळाचा हॉल होता. पंखे जोरात फिरत होते आणि मी पडद्यावर एकामागून एक काळ्या-पांढऱ्या आकृत्या दाखवत होते. कच्छच्या खडकांत सापडणाऱ्या अतिसूक्ष्म जीवाश्मांवर मी डॉक्टरेट केली होती, विद्यापीठात भूशास्त्र शिकवायला लागून काही वर्षं झाली होती, आणि हा विषय आपल्याला येतो याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शेवटी टाळ्या झाल्या. एका काकांनी उठून विचारलं, "डायनोसॉरचं कधी येणार?"

"नाही येणार," मी म्हटलं. "माझं काम त्याच्यावर नाही."

मग सगळी मंडळी चिवड्याच्या बश्यांकडे वळली.

परतताना रिक्षात मी आईला म्हटलं, "तू झोपलीस."

"झोपले नसते तर उठून जावं लागलं असतं," आई म्हणाली. "त्यातल्या त्यात झोपणं बरं दिसतं."

मी रिक्षाबाहेर तोंड फिरवलं. मग तीच म्हणाली, "तुला येतं सगळं, ते दिसत होतं. पण तू आमच्याशी बोललीसच नाहीस. तू तुझ्या परीक्षकांशी बोलत होतीस, आणि त्यांच्यातलं तिथे कुणी नव्हतं."

आई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आमच्या घराण्यात पणजोबा संस्थानच्या कचेरीत, आजोबा शिक्षणखात्यात, वडील सरकारी हिशेबखात्यात. घरात मराठी शुद्ध बोलायचं असा दंडक होता, तरी गुजराती वळणाचे 'चालेल ने' आणि 'बस ने' कधी घरात शिरले ते कुणाला कळलं नाही. वडील गेल्यावर आई आणि मी दोघीच उरलो. लग्न मी केलं नाही. त्याचं कारण लोक माझ्या कामात शोधतात. शोधू देत.

त्या व्याख्यानानंतर आईनं मला शिकवायला घेतलं असंच म्हणायला हवं. हिवाळा होता. आम्ही तुरीच्या शेंगा पसरून लीलवे, म्हणजे हिरवे दाणे, सोलत बसायचो आणि ती म्हणायची, "हं, सांग. आज काय केलंस?" मी सांगायला लागायचे, आणि तिच्या ओळखीचा नसलेला शब्द आला रे आला की ती शेंग खाली ठेवायची. शेंग खाली गेली की मी थांबायचं आणि तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचं. पहिले काही दिवस लीलव्यांची भाजी व्हायला भारी उशीर झाला.

एका दुपारी मला जमलं. मी म्हटलं, "आई, समुद्रात एक जीव राहतो. खसखशीच्या दाण्याएवढा. तो आपलं घर आपणच बांधतो, चुन्याचं. वाढला की एक खोली वाढवतो, आणखी वाढला की आणखी एक. मेला की घर तळाशी जाऊन पडतं. अशी अब्जावधी घरं एकावर एक पडत जातात आणि दाबून दाबून त्यांचा दगड होतो. घरांचाच दगड."

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "आणि मग तो दगड फोडून माणसं पुन्हा घरं बांधतात?"

इतकी वर्षं मी दगड बघायला कच्छपर्यंत जात होते. आमच्या शहरातले जिने, उंबरठे, दारापुढचे ओटले कशाचे आहेत, हे मी एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभरात आम्ही लहरीपुऱ्याच्या बाजारात आईला साडी घ्यायला गेलो. दुकानाला पिवळ्या जैसलमेरी दगडाच्या पायऱ्या होत्या, वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या. आई वर चढली आणि मी दुसऱ्या पायरीवरच अडकले. पायरीच्या कडेला बशीएवढं एक चक्र होतं, आत आत वळत गेलेलं, त्याला एकेक कप्पा. अमोनाइट. गोगलगायीसारखं वेटोळं कवच असलेला, माशासारखा पोहणारा प्राणी, डायनोसॉरच्या काळातला. मी पायरीवर उकिडवी बसले.

दुकानाचे शेठ गादीवरून ओरडले, "बेन, शुं पडी गयुं? काय पडलं?"

"काही पडलं नाही. शेठ, एक ग्लास पाणी मिळेल?"

त्यांना वाटलं मला चक्कर आली. पाणी आलं. मी ते पायरीवर ओतलं आणि ओल्या दगडातून ते चक्र असं उठून आलं की दोन-तीन गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली. शेठ खाली आले. माझं गुजराती आणि मराठी एकमेकांत मिसळत मी सांगायला लागले. राजस्थानात जिथे आज वाळू आहे तिथे एकेकाळी समुद्र होता, हा त्यात पोहायचा, या कप्प्यांत हवा भरून वर यायचा, पाणी भरून खाली जायचा. पाणीपुरीच्या गाडीशेजारची माणसं खायचं सोडून आली. रस्त्यावर स्कूटरी थांबल्या. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तर शेठच त्याच्यावर ओरडले, "ऊभो रहे ने, भाई! सांभळ! ऐक जरा!"

सांगून झालं. मग एक बाई वर चढायला लागल्या, त्यांना शेठनी हात आडवा केला. "बेन, जरा बाजुमां पग मूको. पाय बाजूला ठेवा."

आईनं त्या दिवशी साडी घेतली नाही. ती दुकानाच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आज कुणी झोपलं नाही."

तिथून रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी जमायचं, जुन्या शहरातून हिंडायचं आणि फक्त खाली बघायचं. एका पेढीच्या उंबरठ्यात शिंपले होते, एका देवळाच्या फरशीत समुद्रतळाशी बिळं करणाऱ्या किड्यांच्या वाटा, एका जुन्या इमारतीच्या खांबात माझे खसखशीचे दाणे, भिंग लावलं की दिसणारे. पहिल्या फेरीला माझे चार विद्यार्थी आले, तेही हजेरीच्या भीतीनं. आई पाण्याची बाटली घेऊन मागे. काही महिन्यांत असं झालं की फेरीतली माणसं गल्लीत मावेनात. निवृत्त माणसं यायची, नवरा-बायको यायचे, एक बाई दर वेळी वेगळ्या मैत्रिणीला घेऊन यायची. गुजराती वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मी रस्त्यावर गुडघे टेकून बसलेय आणि भोवती लोक वाकलेत.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वर्तमानपत्र त्यांच्या टेबलावर होतं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं सगळं आयुष्य शोधनिबंधांत गेलं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही संशोधक आहात की टूरिस्ट गाइड?"

माझा तास होता, मी उठून आले. ते वाक्य मात्र बरेच दिवस टोचत राहिलं. फेऱ्या मी थांबवल्या नाहीत, पण रविवारी सकाळी निघताना मनात यायचं, हे लोकांना आवडतंय म्हणून मी करतेय, की प्रयोगशाळेत बसायचा कंटाळा म्हणून? आईला विचारलं. ती म्हणाली, "शाळेत तिसरीला गुणाकार शिकवताना मी असं कधी विचारलं नाही. ऊठ, उशीर होतोय."

मग तो फोन आला.

शहराच्या टोकाच्या तरसालीहून एक बाई बोलत होत्या. विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या, चाळिशीच्या. फेरीला मैत्रिणींना आणणारी जी बाई मी म्हटलं, ती हीच. आमचं बोलणं गुजरातीत झालं, मी ते इथे मराठीत सांगते.

"मॅडम, सिलिंडर बदलायला ओट्याखालची जागा रिकामी केली. तिथल्या लादीत काहीतरी आहे."

"शिंपला असेल."

"नाही मॅडम. दात आहेत."

असे फोन मला येत असत. कुणाला दगडात गणपती दिसतो, कुणाला माशाचा डोळा, आणि बहुतेक वेळा तो लोखंडाचा गंज असतो. तरी मी कॉलेज सुटल्यावर स्कूटर तरसालीकडे वळवली. सोसायटी नवीन होती. एका ओळीत सारखी टेनामेंट, म्हणजे जोडून बांधलेली बैठी घरं, सगळ्यांच्या ओटल्यावर झोपाळा. त्यांच्या सासूबाई, ज्यांना सगळे बा म्हणत, दारातच उभ्या होत्या. "डाग छे, बेन," त्यांनी मला आधीच सांगून टाकलं. "मिस्त्रीनं खराब लादी मुद्दाम आत घातली. सून उगीच लोकांना बोलावते."

मी टॉर्च घेऊन ओट्याखाली पालथी पडले. ओल्या फडक्यानं लादी पुसली.

पिवळ्या दगडात दोन गडद तपकिरी रेघा होत्या. मागे एकमेकींपासून लांब, पुढे जवळजवळ येत गेलेल्या. आणि दोन्ही रेघांच्या आत, सारख्या अंतरावर, वाटाण्याएवढी गोल चक्रं. प्रत्येक चक्राच्या मधोमध एक छोटं भोक. गंज असा कधी बसत नाही. तो दात आडवा कापल्यावरच असा दिसतो. दगड कापणाऱ्या करवतीनं एका जबड्याचा काप काढला होता, पोळीसारखा पातळ, आणि कुणीतरी त्यावर पॉलिश करून तो स्वयंपाकघरात बसवला होता.

मी तिथेच पडून राहिले. वर बा विचारत होत्या, "शुं छे? शुं छे?" आयुष्यभर मी खसखशीएवढे जीव बघितले होते, आणि हे माझ्या नाकासमोर हातभर लांब होतं.

बाहेर आले तेव्हा माझ्या साडीला जळमटं लागली होती. मी म्हटलं, "बा, ही मगर आहे."

बडोद्यात मगर कुणाला नवीन नाही. विश्वामित्रीला पूर आला की ती कुणाच्या ना कुणाच्या अंगणात येतेच, आणि लोक फोन करून तिला पकडणाऱ्यांना बोलावतात. बा म्हणाल्या, "मगर नदीत असते."

"ही समुद्रातली आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची."

"तरी ओट्याखाली?"

मग मात्र सगळेच हसायला लागले, आणि मीही.

चहा पिताना माझ्या डोक्यात दुसरंच सुरू होतं. दगडाच्या मोठ्या ठोकळ्याचे काप करतात, पावाचे करतात तसे. एका कापात जबडा आहे, तर त्याच्या वरचा काप कुठे गेला? खालचा?

"ही लादी बिल्डरनं आणली का तुम्ही?" मी विचारलं.

"बिल्डरनं. सगळ्या ओळीला एकच ट्रक आला होता."

म्हणजे मगर या ओळीतच होती. घराघरांत वाटली गेलेली.

आणि कुठे शोधायचं तेही बांनीच सांगून टाकलं होतं. मिस्त्री डाग असलेली लादी दिवाणखान्यात बसवत नाही. तो ती ओट्याखाली घालतो, कोठीच्या खोलीत, संडासाच्या दारामागे. म्हणजे मला सोसायटीतल्या प्रत्येक घराची अशी जागा बघायची होती, जी कुणी पाहुण्याला दाखवत नाही.

पुढचे कितीतरी रविवार आमची फेरी जुन्या शहराऐवजी तरसालीत झाली. पहिल्या रविवारी लोक संकोचले. "आज नको, पसारा आहे." दुसऱ्या रविवारपर्यंत बातमी पसरली होती आणि प्रत्येकानं आपली कोठी इतकी घासून ठेवली होती की दिवाळी आल्यासारखं वाटावं. मी आणि माझे दोन विद्यार्थी टॉर्च घेऊन आत, आणि बाहेर झोपाळ्यावर आई. तिच्याभोवती बायका जमायच्या आणि ती तिच्या शाळेतल्या गुजरातीत त्यांना समजावून सांगायची. मी एकदा दारात थांबून ऐकलं. ती सांगत होती, "एक ढोकळ्याचा थाळा घ्या. मधे कुणीतरी एक मिरची विसरलं. तुम्ही वड्या पाडल्या नि शेजारीपाजारी वाटल्या. आता पूर्ण मिरची बघायची, तर सगळ्यांच्या वड्या परत मागायला नकोत?" मी विद्यापीठात इतकं चांगलं कधी सांगितलं नव्हतं.

लाद्या सापडत गेल्या. एका घरात वॉशिंग मशीनखाली, एका घरात तेलाच्या डब्यांमागे. क्रम कसा लावायचा, हा प्रश्न एका शिंपल्यानं सोडवला. पहिल्या लादीच्या कोपऱ्यात शिंपल्याचा छोटा काप होता. दुसऱ्या घरातल्या लादीत त्याच जागी तो थोडा मोठा होता, तिसरीत आणखी मोठा. शिंपला बघत बघत आम्ही लाद्या एकीपुढे एक लावल्या, आणि मगरीचा जबडा एकेका घराबरोबर उघडत गेला.

आता अवघड भाग आला. त्या काढायच्या होत्या. नव्या घरातली बसवलेली फरशी उखडायची, आणि कशासाठी, तर एका बाईच्या संशोधनासाठी. विमा कंपनीतल्या बाईंचे यजमान तयार नव्हते. "मॅडम, अजून वास्तुशांतीला वर्ष नाही झालं. फोटो काढून नाही चालणार?"

"फोटोत फक्त वरची बाजू येते," मी म्हटलं. "दगडाच्या आत हाड किती खोल आहे, ते फोटोतून कळत नाही. पण घर तुमचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही."

बा स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याखाली वाकून बघून आल्या आणि म्हणाल्या, "काढा. माझ्या घरात शिजायला आलेली गोष्ट मी पुरून ठेवणार नाही. पण आधी चहा."

बिल्डरकडे त्याच दगडाच्या काही जादा लाद्या पडून होत्या, त्या त्यानं दिल्या. मिस्त्रीनं कटर चालवला तेव्हा धुळीनं सगळं घर पिवळं झालं. लादी सुटताना एका कोपऱ्याला फट्‌ असा आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कोपरा तुटलेला होता आणि जबडा अखंड. बाईंच्या यजमानांनीच ती लादी चादरीत गुंडाळली आणि विभागाच्या जीपपर्यंत छातीशी धरून नेली. त्यांनी ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

एका घरानंतर दुसरं घर आपणहून बोलवायला लागलं. फक्त एका घरात अडलं. तिथे मगरीच्या मुस्कटाचं टोक होतं आणि ती लादी बरोबर खोडियार मातेच्या देव्हाऱ्याखाली आली होती. घरातले वडीलधारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "बेन, मगर तर मातेचं वाहन. ते आपण होऊन येऊन तिच्या पायाशी बसलं. आता मी त्याला कसं उठवू?"

माझ्याबरोबरचा विद्यार्थी काही बोलणार होता. मी त्याला थांबवलं.

"नका उठवू," मी म्हटलं. "मला फक्त बाजूनं मोजमाप घेऊ द्या."

त्यांनी मला अर्धा दिवस देव्हाऱ्यासमोर पालथं पडू दिलं, वर प्रसादाचे पेढे दिले. ते टोक आजही तिथेच आहे. आमच्या शोधनिबंधात त्याचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय की नमुना मूळ जागी ठेवला आहे. त्या वाक्याचा मला अभिमान आहे.

विभागाच्या मोठ्या टेबलावर आम्ही सगळ्या लाद्या क्रमानं उभ्या लावल्या, मधे लाकडी पट्ट्या ठेवून. विभागप्रमुख आले. एकदा या बाजूनं गेले, एकदा त्या बाजूनं. खिशातून चष्मा काढला. मग म्हणाले, "हे तरसालीत?"

"स्वयंपाकघरात, सर."

"आणि त्या बाईंनी ओळखलं कसं?"

"त्या फेरीला येतात, सर. रविवारच्या."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः एक दिवा आणि मोठं भिंग घेऊन आले, आणि मग रोज यायला लागले. कोलकात्याहून पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या जीवाश्मांवर काम करणाऱ्या एक तज्ज्ञ बाई आल्या, त्यांच्या मुक्कामाची सोय विभागप्रमुखांनीच केली. त्या बाईंनी दातांची ठेवण बघितली, जबड्याचा निमुळतेपणा बघितला आणि म्हणाल्या, "अशी मगर मी आत्तापर्यंत बघितलेली नाही."

पण ती आली कुठून? बिल्डरला दगड विकणाऱ्या व्यापाऱ्यानं खाणीचा परिसर सांगितला, तिथे कितीतरी खाणी आणि प्रत्येकीत कितीतरी थर. तिथे माझी खसखस कामाला आली. लाद्यांच्या कडेचे कागदासारखे पातळ काप काढून मी सूक्ष्मदर्शकाखाली घातले. त्यातल्या एका जातीची कवचं फक्त ठरावीक थरातच भेटतात. मग जैसलमेरच्या खाणींत उन्हात हिंडून, थराथरातला दगड गोळा करून, मी तीच कवचं, सोबतच्या त्याच जातींबरोबर, एका खाणीच्या एका थरात शोधून काढली. त्या खाणीच्या काठावर मी एकटीच उभी होते. खाली कामगार जेवायला बसले होते. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. एकानं वर बघून हात केला, मीही हात केला.

शोधनिबंध पाठवला. परीक्षकांपैकी एकाचा शेरा आला. प्राणी नवा आहे हे मान्य, थराचा पुरावा उत्तम, पण जातीचं नाव तुम्ही तरसालीवरून ठेवलंय. ती जागा खाणीपासून शेकडो मैल दूर, आणि शोधाचं ठिकाण म्हणून तुम्ही एक स्वयंपाकघर दिलंय. हे योग्य आहे का?

विभागप्रमुख म्हणाले, "उत्तर मी लिहितो." त्यांनी लिहिलं की खाणीत हा दगड कितीतरी डोळ्यांखालून गेला आणि कुणालाच तो दिसला नाही. तो दिसला तरसालीत. पाहिलं गेलं ती जागा म्हणजेच शोधाचं ठिकाण. परीक्षकानं ते मान्य केलं. नाव राहिलं.

शहरात लाद्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा सोसायटीनं बस केली. सगळे नवे कपडे घालून आले. प्रत्येक लादीखाली ती ज्या घरातून आली त्या घराची जागा लिहिली होती: ओट्याखालून, कोठीतून, वॉशिंग मशीनखालून. लोक आपापल्या लादीशेजारी उभे राहून फोटो काढत होते. मला भाषण करायचं होतं, पण माझी वेळ आलीच नाही. विमा कंपनीतल्या बाईंनी माइक घेतला आणि जबडा, दात, थर, समुद्र, सगळं गुजरातीत, मधेच मराठीत, मधेच हिंदीत, असं काही सांगितलं की हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मागे एका कॅमेरेवाल्यानं बांना विचारलं, "बा, घरातली लादी दिलीत, वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाचं?" बा म्हणाल्या. "लादी नवीन मिळाली. मगर कुठून मिळाली असती?"

देव्हाऱ्यावाले गृहस्थ प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगत होते, "पुढचं टोक आमच्याकडे आहे. दर्शनाला या."

परतताना सोसायटीतल्या बायकांनी आई आणि मला दोघींना ओढून बसमध्येच घेतलं. तरसालीला जेवण होतं. बसमध्ये कुणीतरी विचारलं, "मॅडम, ते पूर्ण नाव कसं म्हणायचं?" मी शेवटचा शब्द सावकाश म्हटला, "तरसालिएन्सिस." मागच्या बाकावरच्या बायकांनी तो तोडून बघितला. तरसा, लिएन, सिस. मग एकीनं गरब्याची टाळी धरली, दुसरीनं साथ दिली, आणि तो लॅटिन शब्द त्या ठेक्यात असा बसला की सगळी बस तो म्हणायला लागली. ड्रायव्हरही. आई माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती आणि गुजराती बायकांपेक्षा मोठ्यानं म्हणत होती. प्रतापनगरचा पूल ओलांडेपर्यंत माझाही आवाज बसला होता.